झेंड्याचे पैसे कोठे जातात?

डिसेंबर महिना लागला की शाळेत एक पाकीट येते. पाकिटात कागदाचे छोटे छोटे झेंडे असतात. झेंडा बोटाएवढा. त्यावर तीन पट्टे. एक लाल, एक गडद निळा, एक फिकट निळा. लाल पट्टा जमिनीवर लढणाऱ्या सैन्याचा, गडद निळा आरमाराचा आणि फिकट निळा विमानदळाचा. ७ डिसेंबरला हा झेंडा छातीवर टाचायचा आणि ज्याला जमेल तेवढे पैसे त्याने डब्यात टाकायचे. या दिवसाला सशस्त्र सेना ध्वज दिन म्हणतात.

आम्ही चिखलदरा तालुक्यात पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. दर वर्षी पाकीट आले. दर वर्षी आम्ही झेंडे वाटले, पैसे मोजले, वर पाठवले, पावती फाईलला लावली. मुलांना दोन शब्द सांगितले की सैनिक देशाचे रक्षण करतात. झाले काम. एकाही मुलाने विचारले नाही की गुरुजी, हे पैसे जातात कोठे? विचारले असते तर आमची पंचाईत झाली असती. आम्हालाच ते धड ठाऊक नव्हते.

ते कसे कळले, तेच या पाठात सांगतो.

निवृत्तीनंतर आम्ही संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर मोठ्या माणसांचा वाचनाचा वर्ग घेतो. पंधरा-वीस मंडळी येतात. वावरातून आलेली, हातपाय धुऊन बसलेली. त्यांत एक म्हातारे येतात. गाव त्यांना फौजीबाबा म्हणते. वय पंच्याहत्तरीला टेकलेले. १९७१ च्या लढाईच्या वेळी ते फौजेत होते. पुढे घरच्या अडचणीमुळे नऊ वर्षांनी फौजेतून सुटून आले. जवानाला पेन्शन मिळायला साधारण पंधरा वर्षांची नोकरी भरावी लागते. यांची नऊच भरली. म्हणून पेन्शन नाही. तीन एकर कोरडवाहू वावर, त्यातले एक डुकरांनी आणि रोह्यांनी खाल्लेले. घरात ते आणि त्यांची म्हातारी. मुलगा पुण्याकडे मजुरीला.

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास आम्ही वर्गात वर्तमानपत्र वाचायला दिले. मोठ्या अक्षरांतली बातमी प्रत्येकाने एकेक ओळ वाचायची. फौजीबाबांच्या वाट्याला जी ओळ आली तिच्यात लिहिले होते की पेन्शन नसलेल्या वृद्ध माजी सैनिकांची मदत दरमहा ४,००० रुपयांवरून ८,००० रुपये होणार. बाबांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा काढून आमच्याकडे पाहिले.

"मास्तर, हे पैसे कोनाले भेटते?"

"पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या फौजीला."

"म्हंजे मले?"

आम्ही गप्प बसलो. उत्तर ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. उत्तर 'होय' असे दिसत होते म्हणून.

"पहिले चार हजार भेटत होते म्हणता. मंग आजवर कोनं सांगतलं काऊन नाही?"

या प्रश्नापासून आमचा अभ्यास सुरू झाला. अमरावतीच्या दोन फेऱ्या केल्या, कागद मिळवले, जाणत्या माणसांना विचारले. जे समजले ते पुढे देतो. सावकाश वाचा. ज्या घरातून कोणी फौजेत गेला असेल त्या घरी मोठ्याने वाचून दाखवा.

पहिली गोष्ट. सैनिकाचा पगार आणि पेन्शन हा त्याचा हक्क आहे. लढाईत जवान गेला तर त्याच्या बायकोला जे निवृत्तिवेतन मिळते तोही हक्कच. ते सरकारने द्यायचेच असते. त्याला कोणी दान म्हणू नये. पण हक्काचे पैसे पुरतात असे नाही, आणि काहींना ते मिळतच नाहीत. फौजीबाबांसारखे मधेच सुटलेले कितीतरी आहेत. कोणाचा नवरा गेला आणि मुलगी लग्नाची आहे. कोणाच्या कमरेखालचे अंग लुळे पडले आहे. अशांसाठी लोकांनी जमवलेला पैसा उपयोगी पडतो. झेंड्याचा पैसा तो हाच.

देश स्वतंत्र झाला तेव्हा लगेच काश्मीरची लढाई झाली. जखमी झालेले, हातपाय गमावलेले जवान घरी येऊ लागले. त्यांचे कसे व्हायचे? बलदेवसिंग तेव्हा संरक्षणमंत्री होते. २८ ऑगस्ट १९४९ रोजी त्यांच्या खात्याच्या एका समितीने ठरवले की दर वर्षी ७ डिसेंबरला लोकांना छोटे झेंडे द्यायचे आणि मदत गोळा करायची. तेव्हापासून हा रिवाज चालू आहे. पुढे सैनिकांच्या मदतीचे असे बरेच निधी झाले. कोणाला कोठून किती मिळते हे कोणालाच कळेना. म्हणून १९९३ साली ते एकत्र केले. त्याचे नाव सशस्त्र सेना ध्वज दिन निधी.

या निधीचे काम दिल्लीचे केंद्रीय सैनिक मंडळ पाहते. त्याच्या हाताखाली राज्याचे खाते आहे, ते पुण्याला. आणि जिल्ह्याच्या गावी जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी असतो. आपल्याला दिल्लीही नको आणि पुणेही नको. आपले काम अमरावतीला. तेथे कल्याण संघटक नावाचा माणूस असतो. तो बहुधा स्वतःच माजी सैनिक असतो. गावोगाव फिरून सैनिकांच्या घरच्यांची विचारपूस करणे हे त्याचे काम. पण मेळघाटातली गावे पांगलेली. एक माणूस किती फिरणार? म्हणून आपणच त्याच्याकडे जावे.

त्या निधीतून काय मिळते ते सांगतो. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांसाठी हे आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून आकडे दुप्पट झाले. पेन्शन नसलेला, पासष्ट वर्षांवरचा, दुसरे उत्पन्न नसलेला माजी सैनिक, किंवा त्याची विधवा, यांना दरमहा ८,००० रुपये, हयात असेपर्यंत. दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा २,००० रुपये, पहिलीपासून पदवीपर्यंत. दोन मुलींपर्यंत लग्नासाठी प्रत्येकी १ लाख रुपये. विधवेने पुन्हा लग्न केले तर तिलाही ही लग्नाची मदत आहे. हे वाचून आम्हाला बरे वाटले. आपल्याकडे विधवेला कपाळावर कुंकू लावू देत नाहीत, आणि येथे लोकांच्या पैशातून तिच्या दुसऱ्या लग्नाला हातभार लावला जातो!

नुसत्या या वाढीचा वर्षाचा खर्च सुमारे २५७ कोटी रुपये धरला आहे. आमच्या शाळेच्या डब्यातली नाणी त्यात कोठेतरी असतील.

आता आमच्या चुकीची गोष्ट. ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आमच्या ओळखीची एक बाई आहे. नवरा फौजेत होता. सुटून आल्यावर काही वर्षांनी आजाराने गेला. बाईने शेतमजुरी करून दोन मुली वाढवल्या. थोरलीचे लग्न ठरले तेव्हा तिने परतवाड्याला एका सावकाराकडून व्याजाने पैसे काढले. लग्न झाले. आम्हीही गेलो होतो. पंगतीत बसून जेवलो, एकशे एक रुपये आहेर केला. या गोष्टीला दोन वर्षे झाली.

फौजीबाबांच्या कामासाठी अमरावतीला गेलो तेव्हा आम्ही तिचीही गोष्ट विचारली. उत्तर मिळाले की लग्नाच्या मदतीचा अर्ज लग्नानंतर ठरावीक मुदतीत करावा लागतो. दोन वर्षांनी करता येत नाही. नियम सर्वांना सारखा, त्यात कोणाचा दोष नाही. परत येऊन तिला सांगितले. ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "गुरुजी, तुमी तं लग्नात जेवाले आले होते."

एवढेच म्हणाली. आम्ही तीस वर्षे झेंडे वाटले होते. धाकटीच्या लग्नाला मुदत आहे. तिचे कागद आत्ताच तयार करून ठेवले आहेत. पण थोरलीच्या लग्नाचे व्याज ती अजून फेडते आहे.

आपण निधीकडे परत येऊ. दुसरा एक मोठा निधी आहे. त्याचे नाव राष्ट्रीय संरक्षण निधी. तो १९६२ सालचा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला. वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. सभा भरत आणि बाया हातातल्या बांगड्या काढून देत. मुले खाऊचे पैसे देत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ते त्याच नोव्हेंबरात दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. आपल्या मोझरीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन सीमेवर जवानांपुढे भजने म्हणायला गेले. १९६५ च्या लढाईतही गेले. पैसा नसलेल्या माणसालाही सैनिकाला काही देता येते, ते असे.

त्या राष्ट्रीय संरक्षण निधीत सरकारच्या तिजोरीतून पैसा येत नाही. जो येतो तो लोकांनी आपखुशीने दिलेला. त्यातून आज काय होते? माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या मुलामुलींना पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते. बारावीनंतर डॉक्टरी, इंजिनिअरी, मास्तरकी असे धंद्याचे शिक्षण घेणाऱ्याला. मुलीला दरमहा ३,००० रुपये, मुलाला २,५०० रुपये. मुलीला पाचशे जास्त, हे लक्षात घ्या. बारावीला साठ टक्के गुण लागतात. १९६२ साली कोण्या आजीने बांगडी दिली असेल. तिच्यासारख्यांनी उभा केलेल्या निधीतून आज कोणाची तरी नात दवाखान्यात नर्स होण्याचे शिकत असेल.

लोकांनी सैनिकाला मदत करायची ही रीत काही आपल्याच देशाची नाही. युरोपात इटली नावाचा देश आहे. तेथे १८५९ साली सोल्फेरिनो या गावाजवळ मोठी लढाई झाली. हजारो जखमी रानात तडफडत पडले. जवळच्या कास्तिल्योने गावच्या बाया धावल्या. पाणी दिले, जखमा बांधल्या. आपला कोण, शत्रूचा कोण, हे पाहिले नाही. हेन्री ड्युनांट नावाचा एक व्यापारी तेथे आला होता. तो त्या बायांबरोबर कामाला लागला. घरी गेल्यावर त्याने पुस्तक लिहिले. त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉस ही संस्था निघाली. १९०१ साली शांततेसाठी पहिले नोबेल बक्षीस दिले गेले, त्यात ड्युनांटचा वाटा होता. त्या बायांची नावे मात्र कोणी फारशी लिहून ठेवली नाहीत. त्या आपल्यासारख्याच खेड्यातल्या होत्या.

आपल्या चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तो जिंकला. तट फोडून आत शिरले आणि आतले पुष्कळ शिपाई मारले गेले. पर्यटक येतात, तोफा पाहतात, फोटो काढतात. आम्ही मुलांना घेऊन गडावर जात होतो तेव्हा एक विचार नेहमी मनात येई. या शिपायांच्या बायकामुलांचे पुढे काय झाले असेल? कोणी दाणे दिले असतील का?

बंदुकीच्या गोळीने माणूस मरतो तसा अधूही होतो. अधू झालेल्याचे आयुष्य मोठे असते. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, मुंबईत जखमी हिंदी शिपायांना हातचा धंदा शिकवणारी एक शाळा निघाली. क्वीन मेरी यांचे नाव तिला दिले. पुढे ती पुण्याजवळ खडकीला नेली. ती आजही चालते. पाय गेलेला जवान तेथे असे काम शिकतो की जे बसून करता येते. तिचे चालणे पुष्कळसे लोकांच्या देणग्यांवर आहे. खडकीलाच १९७४ पासून आणखी एक घर आहे. ज्यांच्या पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे अंग गेले, असे जवान तेथे राहतात. चाकाच्या खुर्चीत बसून ते खेळतात, काम करतात.

अशा जवानांतला एक माणूस साऱ्या देशाला ठाऊक आहे. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. फौजेत होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या. एक कण्यात अडकली. पाय गेले. मुंबईच्या आरमारी दवाखान्यात अंगाला व्यायाम म्हणून त्यांना पोहायला लावले. ते असे पोहू लागले की १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावी अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्यात पहिले आले. सोन्याचे पदक मिळाले. भारताला अशा स्पर्धेत मिळालेले ते पहिले सोने. २०१८ साली सरकारने पद्मश्री दिली. आता पाहा. जर्मनीला जायला पैसे लागतात. अधू जवानाजवळ ते कोठले? क्रिकेटचे नामवंत खेळाडू विजय मर्चंट यांनी अपंगांसाठी काम चालवले होते. त्यांनी हात दिला. पोहण्याचा दम पेटकरांचा. वाटखर्चाला आधार लोकांचा.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. सैन्याचा जवान वेगळा आणि सीआरपीएफ, बीएसएफ यांचा जवान वेगळा. गणवेश आपल्याला सारखाच दिसतो. पण त्यांची खाती निराळी. सीआरपीएफचा जवान गृहखात्याचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत त्याच्या घराला लागू होत नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये पुलवामा येथे सीआरपीएफचे ४० जवान मारले गेले. त्यांत दोघे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. त्या दिवशी वऱ्हाडात कितीतरी घरी चूल पेटली नाही. अशा जवानांच्या घरच्यांसाठी २०१७ पासून 'भारत के वीर' नावाची सोय आहे. देणाऱ्याचा पैसा त्या जवानाच्या घरच्यांच्या खात्याकडे जातो. एका जवानाच्या नावावर १५ लाख रुपयांपर्यंतच घेतात. हे आम्हाला शहाणपणाचे वाटते. नाहीतर ज्याचे नाव पेपरात गाजते त्याच्या दारी सगळे जातात, आणि ज्याचे नाव गाजत नाही त्याची आई तशीच राहते.

आता कागदाकडे वळू. सगळे अडते ते येथे.

फौजीबाबांची लोखंडी पेटी आम्ही उघडली. लुगड्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत फौजेचे सुटीचे पुस्तक होते. त्याला डिस्चार्ज बुक म्हणतात. सगळे इंग्रजीत. एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. सुदैवाने नंबर आणि पलटणीचे नाव शाबूत होते. हे पुस्तक म्हणजे माजी सैनिकाचा सातबारा समजा. ते नसेल तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावे लागते. महार रेजिमेंटचे मुख्य ठाणे सागरला, गार्ड्सचे आपल्या नागपूरजवळ कामठीला, मराठा पलटणीचे बेळगावला.

पुस्तकात बायकोच्या नावापुढे जे नाव होते ते वाचून आम्ही म्हटले, "बाबा, ही कोण?"

बाबा हसले. "तेच आपली म्हातारी. ते तिचं माहेरचं नाव."

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचे नवे नाव लिहितात. सासरी ते नाव चालते. आधार कार्डावर तेच, रेशन कार्डावर तेच. पण बाबा फौजेत भरती झाले तेव्हा त्यांनी कारकुनाला माहेरचे नाव सांगितले होते. म्हणजे कागदावर या दोन निराळ्या बाया झाल्या. बाबा आहेत तोवर हे चालेल. उद्या बाबा गेले तर म्हातारीला 'मी तीच' हे सिद्ध करत फिरावे लागेल. सत्तर वर्षांची बाई, घाट उतरून परतवाड्याला, तेथून अमरावतीला, पुन्हा परत. असा घोटाळा आम्ही आणखी दोन घरी पाहिला. एका ठिकाणी मुलाची जन्मतारीख शाळेत एक, फौजेच्या कागदात दुसरी. एका ठिकाणी आडनाव इंग्रजीत असे लिहिलेले की वाचणारा निराळेच वाचतो.

म्हणून ज्याचा मुलगा किंवा भाऊ आज फौजेत आहे त्याने तो सुटीवर आला की विचारावे. लग्नाची नोंद पलटणीत केलीस का? बायकोचे नाव आधारवर आहे तसेच अक्षर न अक्षर लिहिलेस का? मुलाच्या जन्माची नोंद केलीस का? आईबापांची नावे आहेत का? सुटीत पोरगा जत्रेला जातो, मित्रांना भेटतो. एक सकाळ त्याने या कामाला द्यावी. हे अपशकुनी बोलणे नव्हे. आपण पेरणीच्या वेळी पीकविमा काढतो, तेव्हा गारपीट व्हावी असे थोडेच म्हणतो?

आम्ही बाबांच्या म्हातारीच्या दोन नावांचे प्रतिज्ञापत्र केले. बाबांचे माजी सैनिकाचे ओळखपत्र काढायला टाकले, कारण तेही कधी काढलेले नव्हते. बँकेचे पुस्तक, आधार, वयाचा दाखला, फोटो, डिस्चार्ज बुकाची नक्कल, असे सर्व जमवले. मदतीचा अर्ज हल्ली संगणकावर भरावा लागतो. आम्हाला ते जमेना. वर्गातल्या एका बाईची नात अकरावीत आहे, तिने भरून दिला. पोरीने आमच्या तीन चुका काढल्या.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. अमरावतीला सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृह आहे. मेळघाटातल्या मुलाला पुढे शिकायचे तर राहण्याची अडचण असते, तेव्हा तेथे चौकशी करावी. आणि २०२० पासून राज्य सरकारने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका राहत्या घराची घरपट्टी माफ केली आहे. ते दान नव्हे, सरकारी सवलत आहे. अटी ग्रामपंचायतीत विचाराव्या. फौजीबाबा यंदापर्यंत घरपट्टी भरत होते.

देणाऱ्यांसाठीही थोडे. सैनिकाच्या नावाने कोणी दारात आला की आपण पटकन खिशात हात घालतो. लबाड माणसालाही हे ठाऊक असते. कोणी मोबाईलवर निरोप पाठवतो, 'या खात्यात पैसे टाका.' कोणी गणवेशासारखे कपडे घालून वर्गणी मागतो. पावती मागा. पावतीवर निधीचे पूर्ण नाव वाचा. आता तुम्हाला वाचता येते. नाव नीट नसेल तर देऊ नका, आणि लाजूही नका. पैसे द्यायचेच असतील तर शाळेतल्या डब्यात टाका, किंवा सैनिक कल्याण कार्यालयात भरा.

आणि मदत घेणाऱ्याला समारंभात उभे करून, हार घालून, फोटो काढून पाचशे रुपयांचे पाकीट देऊ नका. आम्ही असे समारंभ पाहिले आहेत. बाईची मान खाली आणि देणाऱ्याची मान फोटोवाल्याकडे. त्यापेक्षा तिच्यासोबत अमरावतीला जा. एसटीचे तिकीट काढा. रांगेत उभे राहा. तिला वाचता येत नसेल तर कागद वाचून दाखवा. असे दान ज्याला आता अक्षर आले त्यालाच करता येते, आणि ते पैशाने विकत मिळत नाही.

चौकशीचे पत्र मात्र आपल्या हाताने लिहिता येते. नमुना देतो. पाटीवर दोनदा लिहा, मग कागदावर.

प्रति,
मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी,
अमरावती.

विषय : माजी सैनिकास मिळणाऱ्या मदतीबाबत.

महोदय,
मी (आपले पूर्ण नाव), राहणार (गाव), तालुका चिखलदरा. मी सैन्यात (पलटणीचे नाव) येथे होतो. माझा सैनिक क्रमांक (क्रमांक) आहे. मी (साल) मध्ये भरती झालो आणि (साल) मध्ये सुटलो. मला पेन्शन नाही. माझे वय (वय) आहे. मला कोणती मदत मिळू शकते आणि तिच्यासाठी कोणते कागद लागतात, ते कृपा करून कळवावे. डिस्चार्ज बुकाची नक्कल सोबत जोडली आहे.

आपला,
(सही)
(तारीख आणि मोबाईल क्रमांक)

विधवा बाईने लिहायचे असेल तर 'माझे पती सैन्यात होते' असे लिहून पुढे त्यांची माहिती द्यावी. पत्नीचे नाव फौजेच्या पुस्तकात निराळे असेल तर दोन्ही नावे लिहावी. लपवू नये.

पत्राच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या. दुसरीवर त्यांचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ती घरी जपून ठेवा. शिक्का मागायला भिऊ नका, तो मागायचाच असतो. मूळ डिस्चार्ज बुक कोणालाही देऊ नका, फक्त दाखवा.

हा पाठ लिहीत आहोत तेव्हा फौजीबाबांचा अर्ज पुढे दिल्लीला गेला आहे. उत्तर यायचे आहे. वर्गात आले की बाबा आधी मोबाईल आमच्या हाती देत आणि म्हणत, "पाहा बरं मास्तर, काही आलं का." आता देत नाहीत. स्वतःच वाचून पाहतात.